बिल्ल्यावरील बारा अंक आणि संगणकाची नोंदवही



निपाणीच्या बाजारपेठेत सत्तावीस ही संख्या दोन तऱ्हांनी कानी पडते. मराठी माणूस आधी सात उच्चारतो आणि मग वीस; त्याचे होतात ‘सत्तावीस’. कन्नड माणूस आधी वीस उच्चारतो आणि मग सात. त्याचे होतात ‘इप्पत्तेळु’. या भागातील बहुतेकांना दोन्ही भाषा अवगत असल्यामुळे तंबाखूच्या वखारीत काय किंवा गुरांच्या बाजारात काय, यावाचून व्यवहार कधी अडत नाही. परंतु बारा अंकी क्रमांक एकाने जोडीजोडीने वाचावयाचा आणि दुसऱ्याने लिहून घ्यावयाचा, असा प्रसंग आला की हीच सोय अडचणीची ठरते. वाचणारा ‘सत्तावीस’ म्हणतो. लिहिणाऱ्याच्या कानावर सात आधी येतो, हात सात आधी लिहितो, आणि सत्ताविसाचे बहात्तर होतात. क्रमांक तरीही बारा अंकीच राहतो आणि दिसावयास निर्दोष दिसतो. मात्र तो आता त्या गाईचा राहिलेला नसतो.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक यूएसबी स्कॅनरच्या साहाय्याने संगणकात बिनचूक कसा उतरवावा, आणि त्यासाठी लागणारी छोटीशी आज्ञावली, जिला संगणकाच्या परिभाषेत ‘स्क्रिप्ट’ म्हणतात, ती लिहिताना कोणती दक्षता घ्यावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम या क्रमांकाचे महत्त्व काय, ते पाहू. गाई-म्हशींच्या कानातील पिवळा बिल्ला आता बेळगाव जिल्ह्यातील खेडोपाडी परिचयाचा झालेला आहे. त्यावर बारा अंकी क्रमांक छापलेला असतो आणि तोच क्रमांक उभ्या रेघांच्या रूपाने, म्हणजे बारकोडच्या रूपाने, दिलेला असतो. लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांच्या निर्मूलनासाठी ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथून राष्ट्रीय कार्यक्रमास प्रारंभ झाला. तेव्हापासून लसीकरण आणि बिल्ला यांची सांगड पक्की बसली. लस कोणत्या जनावरास दिली, रेतन केव्हा झाले, वासरू कोणाचे, या सर्व नोंदी या एका क्रमांकाखाली जमा होतात. निपाणी सोडून महामार्गाने उत्तरेस निघाले, की कोगनोळीपाशी राज्याची हद्द संपते आणि कागल तालुका लागतो. जनावर बाजारातून हद्दीपलीकडे गेले, तर मालकाचे नाव बदलते, दप्तराची भाषा बदलते. कानातील क्रमांक मात्र तोच राहतो. देशभर एकच पद्धत असल्याने हे शक्य झाले आहे.

हा क्रमांक चुकला तर काय होते, हे २०२२ साली लम्पी चर्मरोगाच्या साथीत पुष्कळांनी अनुभवले. कर्नाटक शासनाने त्या वर्षी दगावलेल्या गाईमागे २० हजार, बैलामागे ३० हजार आणि वासरामागे ५ हजार रुपये मदत जाहीर केली होती. महाराष्ट्रात हीच रक्कम गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये होती. दोन दुभत्या जनावरांवर ज्याचा संसार चालतो, त्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे. पशुविम्याच्या बाबतीत तर ‘बिल्ला नाही, तर दावा नाही’ हा नियम सर्वपरिचित आहे. मेलेल्या जनावराच्या कानातील क्रमांक आणि दप्तरातील क्रमांक जुळला नाही, तर खरा मालकही हातात पुरावा नसलेला माणूस ठरतो. चूक लिहिणाऱ्याची असते, भुर्दंड मात्र दावणीच्या धन्याला बसतो.

यावर उपाय म्हणून स्कॅनर आला. तो बिल्ल्यावर धरला की ‘टीं’ असा आवाज होतो आणि बारा अंक संगणकाच्या पडद्यावर उमटतात. आता चूक होणेच नाही, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु येथेच थोडे थांबले पाहिजे. स्कॅनर रेघा सहसा चुकीच्या वाचीत नाही, हे खरे आहे. त्याने वाचलेले संगणकापर्यंत आणि तेथून नोंदवहीपर्यंत जसेच्या तसे पोहोचते की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. वाटेत चार-पाच ठिकाणी क्रमांक बिघडू शकतो. ती ठिकाणे ध्यानी आली, म्हणजे उपाय कठीण नाहीत.

मुळात एक गोष्ट समजून घ्यावी. बाजारात मिळणारे बहुतेक यूएसबी स्कॅनर संगणकाला आपली ओळख ‘स्कॅनर’ म्हणून देतच नाहीत. ती ओळख कळफलक म्हणून देतात. जणू एखादा अतिशय चपळ टंकलेखक अदृश्यपणे बसला आहे. त्याने बारा कळा दाबल्या आणि शेवटी ‘एंटर’ दाबले, असेच संगणकास वाटते. रेडिओलहरींवर चालणाऱ्या बिल्ल्यांचीही हीच गोष्ट आहे. जनावरांसाठीचे ते बिल्ले आंतरराष्ट्रीय मानकानुसार १३४.२ किलोहर्ट्झ या कंपनसंख्येवर वाचले जातात आणि त्यांचा क्रमांक पंधरा अंकी असतो. त्यातील पहिले तीन अंक देशाच्या संकेतासाठी ठेवता येतात. भारताचा संकेत ३५६ हा आहे. अशा बिल्ल्यांचे यूएसबी वाचकही पुष्कळदा कळफलकाचेच सोंग घेतात. या सोंगामुळे सोय होते, कारण कोणताही विशेष प्रोग्राम न बसविता काम सुरू होते. आणि पुढील सर्व अडचणीही याच सोंगातून उद्भवतात.

पहिली अडचण खिडकीची. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावरील जी खिडकी त्या क्षणी उघडी आणि जागी असेल, तिच्यात जाते. शिबिरात कोणी मध्येच पत्र टंकित करावयास घेतले किंवा एखादी सूचना पडद्यावर उसळून आली, तर गाईचा क्रमांक त्या पत्रात जाऊन पडतो. स्कॅनर मात्र नेहमीप्रमाणे ‘टीं’ करतो. आवाज झाला म्हणजे नोंद झाली, असे समजणे ही या कामातील सर्वांत महाग पडणारी चूक होय. तो आवाज रेघा वाचल्याचा आहे. नोंद झाल्याचा नाही.

दुसरी अडचण या सीमाभागात विशेष जाणवणारी आहे. येथील कार्यालयांत व शाळांत एकाच संगणकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत टंकलेखन चालते. स्कॅनर अंक पाठवीत नाही. अमुक कळ दाबली, एवढेच तो कळवितो. त्या कळेचा अर्थ कोणता लावावयाचा, हे संगणकावर त्या वेळी कोणत्या भाषेचा कळफलक निवडलेला आहे, त्यावर ठरते. मराठी इनस्क्रिप्ट मांडणी चालू राहिली असेल तर देवनागरी अंक उमटू शकतात. कन्नड मांडणी असेल तर कन्नड अंक उमटू शकतात. डोळ्यांना तीच संख्या दिसते. संगणकाच्या दृष्टीने मात्र देवनागरी सात, कन्नड सात आणि इंग्रजी सात ही तीन निरनिराळी चिन्हे आहेत. पुढे शोध घेताना एका लिपीत साठविलेला क्रमांक दुसऱ्या लिपीत विचारला, की ‘असे जनावर नोंदलेले नाही’ असे उत्तर येते. पायथन भाषेत आज्ञावली लिहिणाऱ्यांनी येथे जपावे. ‘हे सर्व अंकच आहेत ना?’ अशी नेहमीची चाचणी घेतली, तर ती तिन्ही लिप्यांतील अंकांना ‘होय’ म्हणते. त्यामुळे दोष झाकला जातो. म्हणून साठविण्यापूर्वी सर्व अंक एकाच लिपीत आणून ठेवावेत.

या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे. कळफलकाचे सोंग बाजूस सारून स्क्रिप्टने थेट त्या उपकरणाशीच बोलावे. याचे दोन मार्ग आहेत. लिनक्स प्रणालीवर प्रत्येक उपकरण फाइलच्या रूपाने उपलब्ध असते. पायथनमधील ‘इव्हडेव्ह’ या साधनाच्या साहाय्याने स्क्रिप्ट ती फाइल उघडते आणि ‘ग्रॅब’ या आज्ञेने उपकरण केवळ स्वतःकडे घेते. मग कोणती खिडकी उघडी आहे आणि कोणती भाषा निवडलेली आहे, याला काही महत्त्व उरत नाही; कळा थेट स्क्रिप्टकडे येतात आणि कोणत्या कळेचा कोणता अंक, हे स्क्रिप्टच ठरविते. उपकरण उघडताना त्याचा तात्पुरता अनुक्रमांक न वापरता त्याच्या ओळखीवरून दिलेले कायमचे नाव वापरावे. कारण तार काढून पुन्हा जोडली, की अनुक्रमांक बदलू शकतो. तसेच प्रत्येक कळेसाठी ‘दाबली’ आणि ‘सोडली’ असे दोन निरोप येतात. त्यांपैकी ‘दाबली’ हाच मोजावा. दोन्ही मोजले, तर प्रत्येक अंक दोनदा येतो.

दुसरा मार्ग विंडोज प्रणालीवर सोयीचा आहे. पुष्कळशा स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत काही खास बारकोड छापलेले असतात. त्यांपैकी योग्य तो वाचविला, की स्कॅनर कळफलकाचे सोंग टाकतो आणि ‘सिरियल पोर्ट’ म्हणून वागू लागतो. त्या पोर्टवरून येणारी ओळ स्क्रिप्टने वाचावी. याच पुस्तिकेतील दुसऱ्या बारकोडने क्रमांकाच्या शेवटी ‘एंटर’ पाठवावयाचे की नाही, तेही ठरविता येते. ते अवश्य पाठवावे. कारण क्रमांक कोठे संपला, हे सांगणारी खूण नसेल, तर दोन गाईंचे क्रमांक एकमेकांस चिकटून चोवीस अंक होतात.

तिसरी अडचण अर्धवट वाचनाची. तार सैल झाली किंवा एखादी कळ वाटेत गळाली, तर क्रमांक पूर्ण येत नाही. स्क्रिप्टने येईल तो अंक लगोलग न स्वीकारता ‘एंटर’ येईपर्यंत थांबावे. मग अंक मोजावेत. बारा असतील तरच पुढे जावे, एरवी सर्व टाकून देऊन पुन्हा वाचावयास सांगावे. स्कॅनरचे अंक एकामागोमाग अत्यंत जलद येतात. तेव्हा मध्येच अर्ध्या सेकंदाहून अधिक खंड पडला, तर आधीचे अंक रद्द समजावेत. नाहीतर सकाळचे राहिलेले चार अंक दुपारच्या पहिल्या गाईच्या कपाळी लागतात. अपुऱ्या क्रमांकाला अंदाजाने पूर्ण करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

चौथी अडचण दुबार वाचनाची. जनावर मान हलविते, स्कॅनर धरणाऱ्याचा हात थरथरतो आणि एकच बिल्ला दोनदा वाचला जातो. तोच क्रमांक पाच सेकंदांच्या आत पुन्हा आला, तर स्क्रिप्टने तो सोडून द्यावा. परंतु तोच क्रमांक दोन तासांनी पुन्हा आला, तर मात्र तो गुपचूप सोडून देऊ नये. तेथे स्क्रिप्टने प्रश्न विचारावा. त्याच गाईला चुकून दुसऱ्यांदा लस दिली जात आहे काय? की कोणी दुसऱ्याच जनावराचा बिल्ला पुढे केला आहे? याचा निर्णय यंत्राने घ्यावयाचा नसून तेथे उभ्या असलेल्या पशुवैद्यकाने घ्यावयाचा आहे.

पाचवी अडचण साठवणीची. बिल्ल्याचा क्रमांक अंकांनी लिहिलेला असला, तरी ती संख्या नव्हे. ते नाव आहे. दोन गाईंच्या क्रमांकांची बेरीज कोणी करीत नाही. म्हणून तो संगणकात मजकूर म्हणूनच साठवावा. दूध संस्थेतील ००४७ हा सभासद क्रमांक संख्या म्हणून साठविला, तर आरंभीची शून्ये जातात आणि ४७ उरतात. एक्सेलसारख्या तक्त्यात बारा अंकी क्रमांक साध्या रकान्यात टाकला, तर तो आखडून घातांकाच्या रूपात दिसतो. आणि त्याच रूपात फाइल साठवून दुसरीकडे पाठविली, की मागचे अंक कायमचे नाहीसे होतात. अशा तक्त्यात साऱ्या गावाच्या गाईंचे क्रमांक सारखेच दिसू लागल्यावर मग धावपळ होते. रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून घेतला, तर हा प्रसंग येत नाही. त्याचबरोबर प्रत्येक नोंद त्याच क्षणी डिस्कवर उतरवून ठेवावी. शंभर जनावरे झाल्यावर एकदम साठवू, असे म्हणू नये. कारण नव्व्याण्णवाव्या जनावराला वीज जाते, हा अनुभव खेड्यात नवीन नाही.

आता ताळ्यासंबंधी दोन शब्द, आणि हे विशेषतः शिक्षक मित्रांसाठी. जुन्या शाळांतून गुणाकाराचा ताळा पाहण्याची रीत होती. अंकांची बेरीज करीत एक अंक उरेपर्यंत जावयाचे. ही रीत चांगली, पण अंकांची अदलाबदल तिला ओळखता येत नाही. सत्तावीस काय आणि बहात्तर काय, दोहोंच्या अंकांची बेरीज नऊच. म्हणून क्रमांकाच्या शेवटी ताळ्याचा अंक जोडण्याच्या अधिक चांगल्या रीती निघाल्या. पुस्तकांच्या मागे जो तेरा अंकी आयएसबीएन क्रमांक असतो, त्यात अंकांना आलटून पालटून एक आणि तीन यांनी गुणून बेरीज करतात, आणि ती दहाच्या पटीत आणण्यास जो अंक लागेल, तो शेवटी ठेवतात.

लहानसे उदाहरण फळ्यावर घेता येईल. ४७२५ हा क्रमांक घ्या. चार एके चार, सात त्रिक एकवीस, दोन एके दोन, पाच त्रिक पंधरा, बेरीज बेचाळीस. पन्नास होण्यास आठ हवेत. म्हणून पूर्ण क्रमांक ४७२५८ झाला. आता शेवटच्या दोन व पाच यांची अदलाबदल होऊन ४७५२८ लिहिले गेले, तर बेरीज छत्तीस येते, ताळ्याचा अंक चार यावयास हवा; तेथे आठ आहे, म्हणून चूक उघडकीस आली. परंतु सात आणि दोन यांची अदलाबदल होऊन ४२७५८ झाले, तर बेरीज बत्तीस येते आणि ताळ्याचा अंक पुन्हा आठच! चूक निसटली. ज्या दोन अंकांत पाचाचे अंतर आहे, त्यांची अदलाबदल या रीतीला दिसत नाही. सत्तावीस आणि बहात्तर ही जोडी नेमकी त्यातलीच. ही उणीव भरून काढणारी रीत याकोबुस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडली. ती एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची कोणतीही अदलाबदल पकडते. माणसांच्या आधार क्रमांकात हीच रीत वापरलेली आहे. डच भाषेतही मराठीप्रमाणे सात आधी आणि वीस नंतर उच्चारतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

ज्या क्रमांकात ताळ्याचा अंक आहे, तेथे स्क्रिप्टने तो तपासावाच. परंतु ताळा जुळला म्हणजे क्रमांक योग्य रीतीने लिहिलेला आहे, इतकेच सिद्ध होते. तो याच गाईचा आहे, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी स्क्रिप्टने क्रमांकाबरोबर आधीच्या नोंदीतील मालकाचे नाव, जनावराची जात आणि रंग पडद्यावर दाखवावा आणि ते मोठ्याने वाचून मालकास विचारावे: ‘ही तांबडी गाय, दुसऱ्या वेताची, तुमचीच ना?’ मालकाने ‘होय’ म्हटल्यावरच नोंद पक्की करावी, आणि पक्की झाल्यावर स्क्रिप्टने स्वतःचा वेगळा आवाज द्यावा. स्कॅनरचा ‘टीं’ हा वाचल्याचा आवाज. स्क्रिप्टचा आवाज हा नोंदल्याचा. दोन आवाज ऐकू आल्याखेरीज गाय पुढे नेऊ नये, इतका साधा दंडक शिबिरात ठेवला, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या मालकासही आपले काम पुरे झाले की नाही, हे कळते.

शेणामातीने माखलेला बिल्ला आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. बिल्ला तुटला वा झिजला असेल, तर क्रमांक हाताने भरावा लागेल. त्या वेळी जोडीजोडीने न वाचता एकेक अंक सुटा उच्चारावा: ‘दोन, सात’, ‘सत्तावीस’ नव्हे. ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा, आणि अशी नोंद हाताने झालेली आहे, ही खूण स्क्रिप्टने तिच्यापुढे ठेवावी. पुढे शंका उद्भवली, तर कोठे पाहावयाचे, हे त्यामुळे कळेल. बिल्ला गळून पडला असेल तर मालकाने ते लपवू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळीच कळवावे.

शाळांतून या विषयाचा सराव करून घेणे सहज शक्य आहे. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांवर स्कॅनर चालवून, आयएसबीएनचा ताळा तपासणारी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट वरच्या वर्गातील विद्यार्थी लिहू शकतात. तेथे चूक झाली तर एक पुस्तक चुकीच्या फळीवर जाईल. तेवढ्यात शिकता येईल. शिबिरात झालेली चूक मात्र एखाद्या घराच्या चुलीपर्यंत पोहोचते.

चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला हद्दीपलीकडून बैलगाड्या येतात, तेव्हा खिलाराची पारख करणारे जाणते लोक शिंगावरून, खुरावरून, चालीवरून बैल ओळखतात; त्यांना बिल्ला पाहावा लागत नाही. सरकारी दप्तराला ही नजर नाही. त्याला बारा अंकांवाचून दुसरी ओळख ठाऊक नाही. म्हणून ते बारा अंक दप्तरात उतरविणाऱ्याने शेतकऱ्याच्या नजरेइतकेच सावध राहिले पाहिजे, आणि आपल्या यंत्रालाही तसेच सावध राहावयास शिकविले पाहिजे. क्रमांक नीट नोंदला आहे किंवा नाही, हे शिबिर संपण्यापूर्वी मालकानेही एकदा विचारून घ्यावे. तो त्याचा हक्क आहे, आणि त्याचे उत्तर पडद्यावर दाखवून देणे हे नोंद करणाऱ्याचे कर्तव्य आहे.